हलक्या हाताचा शिपाई

कापसाला सोन्याचा भाव होता, त्या वर्षांतली गोष्ट. कापसाचं चढं भाडं सोडून गाडीवान सरकारी वेठीला गाड्या देईनात, म्हणून साहेब त्यांना अकोल्याच्या कचेरीत फटके देववी. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, तिथंच नोकरीला होतो.

फटके मारणारा शिपाई आधी विचारायचा, "कोन्या गावचा हायेस, बापा?" मग हात उंच उचलायचा आणि वेत अलगद टेकवायचा. "बोंबल ना जोरानं, सायेब आयकून राह्यला," असं वर कानात सांगायचा.

एकदा बार्शीटाकळीचा म्हातारा गाडीवान सुटताच त्याच्या पाया पडला. "देव तुह्यं भलं करो," म्हणाला. शिपायानं चटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. संध्याकाळी त्यानं कमरेचा सरकारी पट्टा सोडून माझ्या मेजावर ठेवला.

"बाबा, घरी खाल काय? आणि तुमच्या जागी येईल तो कातडं सोलेल," मी म्हणालो.

"सोलन, रावसाहेब. पन मार खाऊन मानूस मारनाऱ्यालेच दुवा देते, हे माह्यामुळं झालं. त्या नव्याच्या पाया तं कोनी पडनार नाई."

"तुम्ही नोकरी सोडलीत, हे साहेबाला मी सांगतो," एवढंच मी बोललो.