सुईणमायची साक्ष

गुरुजींनी माझ्या वयाचा घोळ घातला तो माझ्या आखूड हातांमुळं. आमच्या वेळी शाळेत नाव घालायला कागद लागत नसे. मुलानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला की सहा वर्षं पूर्ण. मी तेव्हा सात वर्षांची होते, पण अंगानं किरकोळ, आणि हात काही केल्या कानापर्यंत पोचेना. गुरुजींनी दोनदा पाहिलं, "साडेपाच" म्हणाले आणि रजिस्टरात एक जून टाकून मोकळे झाले. आईनं "नाई जी, सात सरले तिले" असं म्हणून पाहिलं, पण गुरुजींशी हुज्जत कोण घालणार?

त्या एक जूननं पुढं दहा वर्षं कुणाचं काही बिघडवलं नाही. मग महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाल्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक कागद चिकटला. नर्सबाईच्या शिक्षणासाठी मुली पाहिजेत, शिक्षण दोन वर्षं, राहायची सोय, सातवी पास आणि वय सतरा पूर्ण. मध्ये आईच्या दुखण्यात माझी दोन वर्षं बुडाली होती, तरी सातवी मी नुकतीच काढली होती. वयही सतरा सरून वर गेलं होतं. फक्त शाळेच्या दाखल्यावर मी सोळाच्या आत होते.

नर्स का व्हायचं होतं म्हणाल, तर सेवाबिवा काही डोक्यात नव्हतं. धाड गावच्या बाजारात आमची वांगी विकायला बसले असताना मी एकदा एक नर्सबाई पाहिली होती. पांढरं लुगडं, पायात चपला, मनगटावर घड्याळ. तिनं माझ्याशी घासाघीस करून वांगी घेतली आणि एकटीच चालत गेली. सोबत सासू नाही, दीर नाही, कडेला पोर नाही. मी कितीतरी वेळ तिच्या पाठीकडं बघत बसले, आणि तेवढ्यात आमच्याच पाटीत गाईनं तोंड घातलं. त्यावरून आईच्या शिव्या खाल्ल्या, पण मनानं मी त्या दिवशीच नर्स झाले होते.

बा नाही म्हणाला नाही. मात्र उंद्रीचं एक स्थळ येऊन थांबलं होतं आणि त्यांना किती दिवस थांबवायचं, हा त्याचा प्रश्न होता. "एवढ्या वर्षी लागली तर जा," तो म्हणाला. "नाई लागली तर मी उंद्रीवाल्याले हो म्हणून टाकतो." उंद्रीचा मुलगा चांगला असेलही. मी त्याला पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती.

अर्ज गुरुजींनीच भरला. चूक त्यांची होती हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा वळणदार काढलं. महिन्याभरानं बुलढाण्याहून मुलाखतीचं पत्र आलं. वयाबद्दल शंका आहे, जन्माच्या नोंदीचा उतारा आणावा, तो नसल्यास जन्माच्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीस सोबत आणावे. बा नोंदी पाहायला गेला, तर त्या सालच्या वहीला वाळवी लागलेली. पानाच्या जागी जाळी उरली होती. मग हजर असलेली व्यक्ती उरली एकच, ती म्हणजे सुईणमाय.

आमच्या गावातलं झाडून सारं पोर तिच्या हातचं. तिला सगळे सुईणमायच म्हणत. काटकुळी, काळी, कायम कपाळावर पदर. बाळंतपणाला तिला आत माजघरापर्यंत नेत, पण बाळ न्हाऊन झालं की ती पुन्हा ओसरीखाली. आमच्याकडं तिचा चहाचा कप भिंतीतल्या कोनाड्यात वेगळा असायचा. तेव्हा त्यात मला काही वाटत नसे, हे आज लिहिताना लाज वाटते.

बा तिला सांगायला निघाला तशी आई चुलीपुढून म्हणाली, "पोरगी नर्स होऊन आली का तिचं काम बसलं. आपन तिच्याच पोटावर पाय देऊन राह्यलो अन् तिलेच साक्षीले नेऊन राह्यलो." बा चपला घालून तिच्या दारी गेला. सुईणमायनं मात्र पुढचं काहीच विचारलं नाही. "कोन्या दिवशी जाचं?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, बिचारीच्या लक्षात आलं नाही.

इकडं गुरुजींनी माझी तयारी चालवली. त्यांनी चार प्रश्न काढले आणि चार उत्तरं लिहून दिली. नर्स का व्हायचे, स्वच्छता म्हणजे काय, रोग कसे पसरतात ही पहिली तीन. चौथं होतं गावातल्या सुइणींबद्दल. "सुइणी अडाणी असतात. त्या विळ्याने नाळ कापतात व शेणीची राख लावतात, त्यामुळे अर्भके दगावतात. मी नर्स झाल्यावर ही प्रथा बंद करीन." हे उत्तर गुरुजींचं विशेष लाडकं होतं. 'बंद करीन' वर आवाज चढवायचा, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी विहिरीवर, गोठ्यात, भाकरी थापताना घोकत राहिले.

मुलाखतीच्या दिवशी धाडहून एसटी पकडली. बा पुढं उभा होता आणि आम्हा दोघींना एक बाक मिळाला. तिच्या इतकं जवळ मी जन्मल्यानंतर पहिल्यांदाच बसत असेन. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि त्याची खळ अजून कडक होती. गाडी घाट चढायला लागली तशी ती म्हणाली, "म्हन बरं तुहं पाठ. मीबी आयकतो."

मी तीन उत्तरं म्हणून दाखवली.

"झालं?"

"हाव," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहायला लागले.

दवाखान्याच्या आवारात वीसेक मुली होत्या. कुणी वेणीला रिबिनी बांधलेल्या, कुणी सातवीच्या वरही शिकलेल्या. माझा धीर तिथंच निम्मा झाला. आमचं नाव पुकारल्यावर बाला बाहेर कडुनिंबाखाली थांबवलं आणि आम्ही दोघी आत गेलो. टेबलाशी एक डॉक्टर होते, बाजूला दवाखान्याच्या मोठ्या बाई, मेट्रन म्हणत त्यांना. डॉक्टरांनी सुईणमायला बाकावर बसायला सांगितलं. ती खाली फरशीवर बसली.

"हिचा जन्म तुमच्या हातचा?"

"हाव जी."

"कधीचा?"

"तारीख मले नाई समजत. पाटलाच्या धाकट्याचं बारसं होतं. बारशाचं लुगडं मिळालं, ते काखेत धरूनच मी हिच्या मायकडे गेली. दिवस बुडाच्या आत ही झाली. पायाळू होती, म्हनून पक्कं ध्यानात हाये."

सुईणमायच्या सांगण्यावरून पाटलांनी धाकट्याची जन्मपत्रिका फडक्यात बांधून दिली होती. डॉक्टरांनी तिच्यात बारा दिवस मिळवले आणि माझं वय निघालं सतरा वर्षं सहा महिने. मेट्रनबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. "पायाळू?" त्या म्हणाल्या. "आणि आई न् मूल दोघं वाचली?"

"वाचली जी. ही काय हुबी हाये."

मी पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली, एवढं मला माहीत होतं, कारण कुणाची कंबर भरली की पाय लावायला मलाच बोलावत. पण त्या दिवशी माझ्या पायी आईही गेली असती, मीही गेले असते, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. घरी कुणी कधी बोललं नव्हतं.

वयाचं काम संपलं तरी सुईणमायला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली. प्रश्न सुरू झाले. पहिले तीन गुरुजींनी काढले होते तसेच आले आणि मी धाडधाड उत्तरं दिली. मग मेट्रनबाईंनी विचारलं, "गावातल्या सुइणींबद्दल तुझं काय मत आहे?"

मी एकदा खाली पाहिलं. सुईणमाय माझ्याकडंच बघत होती, कौतुकानं. उंद्रीचं स्थळ डोळ्यांपुढं आलं, ते घड्याळ आलं. आणि मी म्हणाले. सगळं म्हणून टाकलं. अडाणी, विळा, राख, अर्भके, आणि 'बंद करीन' वर आवाजही चढवला. सवयीनं चढला.

डॉक्टर जरा अवघडून म्हणाले, "ऐकलं का बाई, पोरगी काय म्हणते?"

"आयकलं जी. खरंच बोलून राह्यली." सुईणमायनं पदर सारखा केला. "माह्या हातचे तीन गेले. धड झाले, रडले, दूध पेले. सातव्या-आठव्या दिवशी जबडा बसला, अन् गेले. लोकं म्हनत सटवीनं नेले. मीबी तेच म्हने. हिच्या पाठचा भाऊ त्यातलाच."

माझा भाऊ गेला तेव्हा मी चार वर्षांची असेन. सटवीनं नेला, एवढंच आमच्या घरात बोललं जायचं.

"पन मले एक समजत नाई साहेब," ती पुढं म्हणाली. "इळा तोच होता. राख तीच. बाकीचे सारे जगले, मंग हे तीनच काऊन गेले? मी कोनाले इचारू?"

डॉक्टर तोंड उघडणार होते, पण थांबले आणि माझ्याकडं वळले. "तू सांग."

गुरुजींच्या कागदात हे नव्हतं. मी मनातल्या मनात चारही उत्तरं पुन्हा चाचपली. ज्या विळ्यावरून मी तिला अडाणी म्हटलं, त्याच्याबद्दल मला तिच्याइतकंही माहीत नव्हतं. तिला निदान प्रश्न पडला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. आणि रडायलाच लागले.

"हिले घ्या जी," सुईणमाय फरशीवरून म्हणाली. "शिकन अन् मले येऊन सांगन. मी त्याच्यासाठीच आली."

मेट्रनबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "रुमाल नाही का? नाक पूस," म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी तिला "माफ कर, माय" म्हणाले. तिला सुईणमाय न म्हणता नुसतं माय म्हणण्याची ती माझी पहिली वेळ. ती म्हणाली, "कायची माफी बाप्पा? तिकडे खाऊन-पिऊन राह्यजो," आणि थोड्या वेळानं बसल्या जागी झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मी हलले नाही. भावाबद्दलचं बोलणं बाला आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. गुरुजींनी पेढे वाटले आणि चौथ्या उत्तरानं बाजी मारली, असं साऱ्या गावाला सांगितलं. मी त्यांना सांगू दिलं.

पहिली सुट्टी मिळाली तेव्हा मी पेटी घेऊन आधी सुईणमायकडं गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून तिनं माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि समोर बसली. मी तिला सगळं सांगितलं. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते शेणात असतात, मातीत असतात. कधी विळ्याला लागून येतात, कधी राखेतून येतात, कधी येत नाहीत. आले तर नाळेच्या जखमेतून बाळाच्या अंगात शिरतात आणि आठवड्यात जबडा बसतो. विळा तोच असला तरी प्रत्येक वेळी त्याच्यावर ते असतीलच असं नाही. म्हणून नाळ कापायचं ते आधी पाण्यात उकळून घ्यायचं आणि राख लावायची नाही.

ती मन लावून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे सटवी नाई. माह्याच हातानं गेले."

दवाखान्यात आम्हाला खूप शिकवलं होतं, पण इथं काय बोलायचं ते नव्हतं शिकवलं. खोटं बोलणं सोपं होतं आणि जवळजवळ जिभेवर आलंही होतं. पण ही बाई त्या फरशीवर बसून माझ्यासाठी खरं बोलली होती. मी तिचा हात हातात घेतला. खरखरीत होता.

"हाव, माय," मी म्हणाले.

ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. मीही रडले, माझ्या भावासाठी, आणि त्याहून जास्त तिच्यासाठी. मग तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, नंतर स्वतःचे.

"तेल्याची सून आठ दिवसांत मोकळी होईन," ती म्हणाली. "पानी कितीक वेळ उकळाचं, ते नीट सांग मले."