नऊशे ग्रॅम

गल्लीच्या तोंडाशी तिचं शिवणकामाचं दुकान होतं. लोक तिला टाचणीबाई म्हणत. समोर नाही, पाठीमागे. कपडा अंगावर बसवताना ओठांत पाच-सहा टाचण्या धरायची तिला सवय होती. टाचण्या काढून ती बोलायला लागली की ते बोलणं टाचण्यांपेक्षा जास्त टोचायचं. हे नाव तिच्या कानावर आलं होतं आणि मनातून तिला ते आवडलंही होतं.

पण तिच्या हातात कसब होतं. कोटाचं कापड घेऊन लोक लांबून यायचे. माप घ्यायचं, खडूने चार रेघा ओढायच्या आणि कात्री चालवायची. एकदा घातलेली कात्री तिने कधी मागे घेतली नाही. नवरा गेल्यावर त्याच हातावर तिचं आणि नणंदेचं घर चाललं होतं. नणंद पोस्टातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, कानाने थोडी कमी. तिच्याकडे काज-बटणाचं खातं होतं. कात्रीला हात लावायची परवानगी तिलाही नव्हती.

दुकानात आत उजेड कमी, म्हणून कापायचं टेबल दिवसा बाहेर, हिरव्या ताडपत्रीखाली असायचं. त्या शनिवारी दुपारी जवळच्या दवाखान्यातली नर्स युनिफॉर्म सैल करून घ्यायला आली होती. बाळंतपणानंतरचा पहिलाच आठवडा कामाचा. चार महिन्यांचं बाळ झोपलेलं होतं. टेबलाच्या टोकाला अस्तराच्या कापडाचा ढीग होता, त्यावर तिने त्याला ठेवलं आणि स्वतः एक हात त्याच्या पोटावर ठेवून उभी राहिली.

वर कुठेतरी बारीक घूं घूं चालू होतं. गेले काही शनिवार ते ऐकू यायचं. आधी कुणी वर बघायचं, आता कुणी बघतही नव्हतं.

मग ताडपत्री फाटल्याचा आवाज आला आणि काहीतरी काळं टेबलावर आदळलं. टाचणीबाईचा उजवा हात खडूसकट त्याच्याखाली होता. चार पंख्यांपैकी दोन अजून फिरत होते आणि त्यांतला एक तिच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला होता. नर्सने बाळाला उचललं तेव्हा ते झोपलेलंच होतं. त्याच्या डोक्यापासून ते यंत्र दोन वीतही लांब नव्हतं.

नर्सनेच हाताला कापड करकचून बांधलं. "मावशी, चला, आत्ताच्या आत्ता चला."

"थांब," टाचणीबाई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वन्सं, तो डबा कापडात गुंडाळा. कपाटात ठेवा. कुलूप लावा आणि किल्ली मला द्या."

किल्ली कमरेला खोचल्यावरच ती हलली.

तळहाताची दोन हाडं मोडली होती. अंगठा वळवणारी शीर तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली, पण पूर्वीसारखी पकड येईल असं काही ते बोलले नाहीत. ताडपत्री मध्ये नसती तर मनगटच गेलं असतं, एवढं मात्र सांगितलं.

सोमवारी सकाळी एक माणूस दुकानात आला. चाळिशीचा, नीटनेटका, बँकेतला अधिकारी, मागच्या रस्त्यावरच्या उंच इमारतीत राहणारा. हातात फोन.

"काकू, माझा ड्रोन इथे पडलाय का? नकाशावर शेवटची जागा हीच दिसतेय."

टाचणीबाई खुर्चीवर बसली होती, हात गळ्यात, कोपरापर्यंत प्लॅस्टर. त्याने ते पाहिलं, पुन्हा फोनमध्ये बघितलं.

"पडलाय," ती म्हणाली.

"मोडला असेल तर राहू दे. पण आत छोटं कार्ड असतं, मेमरी कार्ड, तेवढं हवं होतं. तीन महिन्यांचं शूटिंग आहे. सगळं शहर वरून घेतलंय."

नणंदेने काजाची सुई खाली ठेवली. ऐकू कमी येत असलं तरी तेवढं तिला कळलं होतं.

"हे कशानं झालं ते नाही विचारलंत," टाचणीबाईने प्लॅस्टरकडे बोट दाखवलं.

तो ओशाळला, पण क्षणभरच. "हो, सॉरी. मी खरंच काळजी घेतो. घारीने झडप घातली, त्याला मी काय करणार? आणि यंत्र तसं हलकं असतं, नऊशे ग्रॅम फक्त. लागलं असेल ते पंख्यामुळे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने चढवला नाही. डाव्या हाताने तिने कापायची मोठी कात्री उचलली.

"ही त्याच्या निम्मी. साडेचारशे ग्रॅम. ठेवा हात टेबलावर."

"काकू, काहीतरीच काय."

"हात ठेवा. मिटलेलीच आहे, धार लागणार नाही. तुमच्यासारखी आभाळातून नाही सोडत, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरून सोडते. हलकीच आहे."

त्याने हात पाठीमागे घेतला.

"का? फक्त साडेचारशे ग्रॅम," ती म्हणाली. "इथे टेबलावर तान्हं मूल होतं. तुम्हाला ठाऊकही नाही. विचारायचं सुचलंही नाही. कार्ड पाहिजे म्हणे. आता ते कार्ड पोलीसच बघतील. निघा."

तो गेला. ती तशीच बसून राहिली आणि मग रागाने रडली. नणंदेने तिला पाणी दिलं.

ठाण्यातल्या हवालदाराला सुरुवातीला गंमत वाटली. "बाई, हौशी माणूस आहे, चुकून पडलं. आपसात मिटवा."

टाचणीबाईने कापडात गुंडाळलेलं यंत्र त्याच्यापुढे सरकवलं. "आधी यातलं कार्ड लावा."

"त्यानं काय होणार?"

"लावा, मग सांगते."

कंटाळून त्याने ते संगणकाला लावलं. पडद्यावर शहर पसरलं. छपरं, पाण्याच्या टाक्या, दवाखाना. चित्राखाली आकडे पळत होते. उंची चारशेदहा मीटर. एकशेवीसच्या वर न्यायचं नाही आणि वस्तीवरून तर नाहीच नाही, हा नियम भिंतीवरच्या फलकावर लावलेला होता. हवालदाराने फलकाकडे बघितलं आणि मग पडद्याकडे.

बाजार दिसू लागला तेव्हा टाचणीबाईने डावा हात वर केला. "थांबवा इथे. आणि डोकी मोजा."

"कशाला?"

"मोजा म्हणते ना."

तो पेन टेकवत मोजू लागला. त्रेसष्टवर थांबला, कारण पुढची डोकी एकमेकांत मिसळली होती.

"यातलं कुठलं डोकं फुटलेलं चाललं असतं, ते सांगा," ती म्हणाली. "बाजार नको असेल तर पुढे शाळेचं मैदान आहे. माझा फक्त हात गेला म्हणून तुम्ही आपसात मिटवा म्हणताय."

हवालदाराने चित्र पुन्हा चालू केलं. पुढे घार आली, चित्र हेलपाटलं आणि छपरं-आभाळ, छपरं-आभाळ असं गरगरू लागलं. मग हिरवा ठिपका मोठा होत आला. त्यानंतर खडू धरलेला एक हात क्षणभर दिसला. टाचणीबाईने मान वळवली नाही. स्वतःचा धड हात तिने शेवटचा तिथे पाहिला.

तक्रार त्याच दिवशी नोंदवली गेली. निकालाला आठ महिने लागले. ड्रोनवाल्याला दंड झाला, यंत्र जप्त झालं, उडवायला बंदी आली. सुनावणीत तो म्हणाला, "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." टाचणीबाईने उभं राहून विचारलं, "गैरसोय म्हणजे नळाला पाणी न येणं. माझ्या अंगठ्याला तुम्ही काय म्हणता?" तिला खाली बसायला सांगण्यात आलं. ती बसली, पण सावकाश.

अंगठा अर्धाच वळतो. मोठी कात्री आता नणंद चालवते, जीव मुठीत धरून, आणि टाचणीबाई शेजारी उभी राहून तिला फैलावर घेते. "वन्सं, कापड आहे ते, पोस्टाचं पाकीट नाही." पहिल्या महिन्यात दोन कोट वाया गेले. नणंद एकदा चिडून म्हणाली, "वहिनी, राग त्याचा आणि ऐकून घ्यायचं मी?" टाचणीबाई तेवढ्यापुरती वरमली. कोटाची गिऱ्हाइकं बरीचशी तुटली. नर्स मात्र येते, बाळ आता टेबलाला धरून उभं राहतं.

गेल्या रविवारी पुन्हा घूं घूं ऐकू आलं. टाचणीबाई रस्त्यात येऊन उभी राहिली. आवाज समोरच्या इमारतीवरून येत होता. नणंदेने हाक मारली तरी ती थांबली नाही. पाच मजले चढून, धापा टाकत ती गच्चीवर पोचली. एक तरुण जोडपं नवं यंत्र उडवत होतं, दोघंही खुशीत.

"खाली घ्या," ती म्हणाली.

"आजी, आम्ही फक्त जरा..."

"आधी खाली घ्या. मग बोलू."

तिचा चेहरा बघून त्या तरुणाने हुज्जत घातली नाही. यंत्र उतरलं. चारही पंखे पुरते थांबेपर्यंत ती त्याच्यापुढे उभी राहिली. मग तिने उजवा हात त्या दोघांसमोर धरला आणि अंगठा वळतो तेवढा वळवून दाखवला. त्याच्याबरोबरच्या मुलीने विचारलं, "कशाने झालं हे?"

ती कठड्यावर टेकली आणि पहिल्यापासून सांगू लागली. आवाजातली धार जराही कमी झाली नव्हती.