नकाशात न बसलेली नऊ घरं

अंधेरीच्या ऑफिसात आम्ही सगळ्या खात्यांचे नकाशे एका डेटाबेसमध्ये आणत होतो. तोवर पाण्याचा नकाशा वेगळा, रस्त्यांचा वेगळा, जमिनीचा तिसराच. आता कुणीही मागितला तरी एकसारख्या खुणांचा, एकच नकाशा छापून निघणार होता. कशाला कुठला कोड द्यायचा ती यादी मी केली होती. मला तिचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

दोन नकाशे जुळले नाहीत की स्क्रीनवर तेवढा तुकडा लाल व्हायचा. शेवटी आरे कॉलनीतला एकच तुकडा उरला. जमिनीच्या नकाशात तिथे झाडी. पाण्याच्या जुन्या कागदावर पेन्सिलीने काढलेले नऊ चौकोन आणि विहीर. माझ्या यादीत वस्ती म्हणजे किमान दहा घरं.

ते चौकोन काढणारे ड्राफ्ट्समन माझ्या शेजारीच बसायचे. मालवणचे, रिटायरमेंटला आलेले.

"अरे, पाडो आसा थंय! त्या विहिरीचं पाणी प्यायलोय मी."

"काका, नऊच घरं आहेत. यादीत बसत नाही."

"मग यादी बदल ना. तूच केलीस ना ती?"

"आता बदलली तर सगळं पुन्हा तपासावं लागेल."

"मग एक घर वाढव. माझ्या नावावर." ते हसले. मी हसलो नाही.

मी 'झुडपी जमीन' असा कोड दिला. लाल रंग गेला. साहेबांनी पेढे मागवले, मीही दोन खाल्ले.

पुढे पाड्यांना नळ द्यायची योजना आली. पाड्यांची यादी आमच्याच डेटाबेसमधून निघाली. आसपासच्या पाड्यांवर नळ आले, त्या नऊ घरांत नाही. विहीर तोवर खराब झालेली. तिथली एक बाई अर्ज घेऊन आली.

"साहेब, पाणीवाले म्हणतात तिथे घरंच नाहीत. मग मी रोज झाडते ते अंगण कुणाचं?"

"झाडांखाली आहेत ना, उपग्रहाच्या फोटोत दिसली नसतील," मी म्हणालो. काकांचा कागद माझ्याच कपाटात होता.

तिला ते पटलं. "मग छपरांवर लाल प्लास्टिक टाकतो आम्ही. तेव्हा दिसतील ना?"

मी हो म्हणालो.

दुरुस्तीच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी 'फोटो अस्पष्ट' लिहिलं. त्यामुळे नवा फोटो, नवी पाहणी, आणि फाईल दोन वर्षं पडून. या दोन वर्षांत ती बाई शेजारच्या पाड्यावरून, तिथल्यांच्या शिव्या खात, हंडे आणत राहिली.

गेल्या आठवड्यात मी नवा अर्ज दिला. घरं माहीत होती, नोंद मीच खोटी केली, असं लिहून काकांचा तो कागद जोडला.

साहेबांनी दार लावून घेतलं. "वेडा झालास काय रे? याची चौकशी लागेल. ती संपेपर्यंत त्या नोंदीला कुणालाच हात लावता येणार नाही. झाली का सोय त्यांची?"

मी अर्ज मागे घेतला नाही. त्यात त्या घरांचं भलं किती आणि माझं किती, मला खरंच सांगता येत नाही. पाणी अजून शेजारच्या पाड्यावरूनच येतं.