आवळलेला दोरा

मॅडम गेल्याचं मला तिसगावच्या बाजारात कळलं, तेही मटणवाल्या रशीदचाचांकडून. "तुमच्या मॅडम गेल्या म्हनं. नगरवरनं फोन आल्ता," सुरी खाली ठेवत ते म्हणाले. कुलकर्णी मॅडम कित्येक वर्षं बाजारच्या दिवशी नगरहून एसटीनं यायच्या आणि चाचांकडून मेंढ्यांची आतडी डब्यात भरून न्यायच्या. चाचांना फोन आला, मला नाही. आमचं बोलणंच बंद होतं... आणि त्याला कारण मीच.

आतड्यातले पट्टकृमी तपासायचे आणि त्यांची प्रजाती ठरवायची, हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. मी त्यांची विद्यार्थिनी, तिसगावचीच. कृमी पाण्यात सैल पडू द्यायचा, दोन काचांमध्ये हलकेच धरायचा, वरून दोरा गुंडाळायचा, मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दोरा आवळला की कृमी चेपतो, आतले अवयव पसरतात आणि भलतीच प्रजाती दिसायला लागते. "संगीता, किड्याला घाई नसते, तुला कसली गं?" हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल.

आणि मी नेमकं तेच केलं. पाचची एसटी गाठायची होती, म्हणून दोरा करकचून बांधला आणि पळाले. नंतर बघितलं तर त्या कृमीच्या अंगाचे खंड चांगलेच रुंद, माहितीतल्या कुठल्याच प्रजातीसारखे नाहीत. मॅडमही हरखल्या. नवी प्रजाती म्हणून ती छापून आली, नावात चक्क तिसगाव! आमच्या अण्णांनी गावभर पेढे वाटले. मला तो दोरा आठवत होता, पण माझी पीएच.डी. त्याच कृमीवर उभी होती. बोलणार कशी?

काही वर्षांनी मॅडमनी त्याच भागातले आणखी कृमी तपासले, तेव्हा ती जुनीच प्रजाती निघाली. त्यांचा फोन आला, "अगं, आपली प्रजाती नवी नाही. तसं छापायला हवं." मी भांडले. "तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही," इथपर्यंत गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या एखादं पोर हे नाव खरं धरून चालेल, त्याचं काय?" त्यांनी छापलंच. त्यात लिहिलं होतं, 'नमुना तयार करताना माझ्या हातून दाब जास्त पडला.' म्हणजे मॅडमच्या हातून. माझं नाव कुठंच नव्हतं. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तरी मी रुसूनच बसले. लाज वाटते आता.

गेल्या आठवड्यात मॅडमच्या यजमानांनी त्यांची काचपट्ट्यांची पेटी माझ्याकडे पाथर्डीला पाठवली. मी तिथं कॉलेजात शिकवते. त्या चेपलेल्या कृमीची काचपट्टीही त्यात होती, कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात 'तयार करणारी : संगीता'. म्हणजे दाब कुणाच्या हातून पडला, हे छापताना मॅडमना ठाऊक होतं तर... पेटी पुढ्यात घेऊन मी खूप रडले.

परवा तासाला ती काचपट्टी मुलांना दाखवली. एका मुलीनं सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"मॅडम, हा तर पार चेपलाय. कुणी केलं हे?"

"मी," म्हणाले. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्या सोडून सगळा वर्ग ऐकत होता.