रऊफ पिंजाऱ्याची झील

केनवडचा पुंजाजी शाहीर म्हटलं की लोकांना त्याचा डफ आठवायचा. त्याच्या मागं उभा राहणारा रऊफ पिंजारी मात्र कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. शाहिरानं ओळ म्हणावी, झीलकऱ्यानं तिचा शेवट वरच्या सुरात उचलून धरावा, तेवढ्यात शाहिरानं दम घ्यावा. रऊफ दिवसभर कापूस पिंजायचा, तरी त्याचा सूर असा निघायचा की ऐकणाऱ्याची मान आपोआप वर व्हायची. बावीस वर्षं तो पुंजाजीच्या उजव्या खांद्यामागं उभा राहिला. त्याला दुसरं काही नकोच होतं. "निकाह माह्याशी केला न् संसार पुंजाजीसंगं," सुगराबी चिडवायची. रऊफ हसायचा, कारण बायको खोटं बोलत नव्हती.

१९३४ साली कारंजाच्या जत्रेत दोन फडांचा सामना लागला. नियम जुनेच. कडवं फक्त शाहिरानं म्हणायचं, झीलकऱ्यानं त्याला तोंड लावलं की फड हरला. आणि हरणाऱ्यानं आपला डफ समोरच्याला द्यायचा. भर दुपारी, रंगात आलेला पुंजाजी तिसऱ्या कडव्याला अडला. डफ वाजत राहिला, शब्द येईना. त्याच्या मानेवरचा घाम रऊफला दिसत होता. ते त्याला बघवेना. करायला गेला एक अन् झालं भलतंच. "सरकी कुठं रं गेली," ही ओळ रऊफच्याच तोंडून निघून गेली.

पुंजाजीनं बापाच्या हातचा डफ गळ्यातून काढून दिला. परतीच्या बैलगाडीत तो एवढंच म्हणाला, "कायले म्हटली रे? येत होती मले."

पुंजाजी पुन्हा गायला नाही. रऊफ शरमेनं शेलूबाजारला जाऊन राहिला. माणसं काय एकेक मूर्ख असतात! पुंजाजीदादा बोलावील म्हणून हा सात वर्षं वाट पाहत बसला. बोलावणं आलं नाही, पुंजाजी गेल्याची बातमी तेवढी बाजारात कानावर पडली.

रऊफनं पायी केनवड गाठलं, तेव्हा पुंजाजीला जाऊन पाचवा दिवस होता. पुंजाजीची बायको कस्तुराबाई रिकाम्या बाजेशी बसली होती.

"आता आला, रऊफभाऊ?"

"मले बोलावलं काहून नाही, वहिनी?"

"मी म्हटलं निरोप धाडतो, तं थो म्हने, त्याचा राग गेला की येईल रऊफ." तिनं बाजेवरून हात फिरवला. "कारंजाच्या आंधीपासूनच थो इसरून राह्यला होता. मले मालूम होतं. मी कोनाले सांगतलं नाही. मंग माह्यं नाव इसरला, तुह्यंबी इसरला. पन रोज सांजच्याले बाजेवर बसून एकच ओळ म्हने न् थांबे. कान देऊन बसे. मी झील दिली तं हातानं गप करे. मंग पुन्हा तीच ओळ."

"कोनती?"

"सरकी कुठं रं गेली."

रऊफच्या आता ध्यानात आलं. आपण तोंडातून हिसकावलेली ओळ दादाला खरंच येत होती. त्याला हवी होती फक्त झील.

तो उठला, बाजेमागं उजव्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं त्या ओळीची झील उचलली. दम संपेपर्यंत धरली. पुढची ओळ त्याला तोंडपाठ होती. त्यानं ती म्हटली नाही.