नाव घातलेलं ताट

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. आणि हे आधीच सांगून टाकते, ते ताट संपवूनच मी उठले. पलीकडं पुतण्या रडत होता, "काकू, आई गेली गं..." मी म्हणाले, "आले." फोन ठेवला आणि समोरची अर्धी भाकरी उसळीत कुस्करली. नणंद दारातच उभी होती. मयताचा निरोप आला की हातातला घास टाकून उठायचं असतं, हे मला काय ठाऊक नाही? पण मी बसून राहिले. शेवटचा घास गिळला, हात धुतले आणि मग जी ओरडून रडले ती गल्ली गोळा झाली. पुढं दहा दिवस पाहुण्यांत तोच विषय. थोरली जाऊ गेली आणि ही बया जेवत बसली! आज दीड महिना झाला. म्हटलं, लोकांना काय बोलायचं ते बोलून झालं असेल तर आता मी सांगते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शोभाअक्का. माहेर चंदगडकडचं, नोकरी अंगणवाड्यांवर देखरेख करायची. आज या गावाला, उद्या त्या गावाला, एसटीनं. मी लग्न होऊन कोल्हापुरात या घरात आले त्याला तीस वर्षं झाली. पहिल्याच दुपारी स्वयंपाक झाला, पुरुषांची पानं घ्यायची होती. अक्कांनी फळीवरनं एक ताट काढलं. दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, मेथीची भाजी, दही, लिंबू. सगळं नीट वाढलं, वर झाकण घातलं, ताट फळीवर ठेवलं आणि मग बाहेर वाढायला गेल्या. मला वाटलं, नैवेद्य असेल. कसला नैवेद्य! ते त्यांचं स्वतःचं ताट होतं. पाठीमागं नावसुद्धा घातलेलं, शोभा. भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं. इथं ना सौ., ना आडनाव. आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हिला खायाची लई घाई. दुष्काळातनं आल्यागत करतीया." बाकीच्या हसायच्या. मी नवी होते. सगळ्यांबरोबर हसलं की आपण घरातल्या झालो असं वाटायचं, म्हणून मीही हसायचे.

एकदा त्यांच्याबरोबर आजऱ्याजवळच्या एका गावात गेलते. अंगणवाडीत पाच-सहा पोटुशा बायका बसल्या होत्या. मला वाटलं, अक्का आता फळ्यावर काहीतरी लिहून भाषण देणार. त्यांनी फळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एका पोरसवदा बाईसमोर मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "काल काय खाल्लंस?"

"जेवले की."

"जेवलीस ते कळलं. सकाळपासनं काय काय खाल्लंस ते सांग."

सकाळी चहा. दुपारी भात आणि आमटीचं वरचं पाणी. सांजच्याला भाकरी आणि खरडा. मग आमटीतली डाळ कुठं गेली, तर ती मालकांनी आणि पोरांनी खाल्ली. अक्कांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी हलकेच ओढली. आत लाल दिसायला पाहिजे, तर नुसतं पांढरट. अक्का म्हणाल्या, "घरात नाचणा हाय, हुलगं हायत, परड्यात शेवगा हाय. सगळं हाय की गं बाई. तुझं ताट तेवढं न्हाय."

परतीच्या एसटीत मला सांगत होत्या. नुसती भाकरी पोट भरते, तिला डाळीची नाहीतर उसळीची जोड मिळाली की अंग धरतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह रक्ताला लागतं, आणि जेवणावर लगेच चहा ढोसला की ते वाया जातं. "हे सगळं पुस्तकात असतंय मंगल. पण बुट्टीतली भाकरी तळाला गेल्यावर बाईच्या वाट्याला काय येतं, ते पुस्तकात नसतंय." मी खिडकीतनं बाहेर बघत हं हं करत होते. खरं सांगते, निम्मं कानाआड केलं.

आणि मग तो रविवार. अक्कांचे दोन्ही भाऊ माहेराहून आले होते, मटण होतं, घर माणसांनी भरलेलं. पंगतीत रस्सा वाढता वाढता कोणीतरी म्हणालं, फोडी संपल्या वाटतं. आणि मला काय अवदसा आठवली देव जाणे... मी फळीवरचं ताट खाली घेतलं, सगळ्यांसमोर आणलं आणि झाकण उचललं. "संपतील कशा? ह्या बघा, अक्कांनी आधीच बाजूला काढल्यात!" चार फोडी होत्या. पंगत खदाखदा हसली. अक्कांच्या भावांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता अक्का ताट उचलून पाहुण्यांत वाढून टाकतील, किंवा माझ्या मुस्कटात मारतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ताट माझ्या हातातनं घेतलं, तिथंच भिंतीला टेकून बसल्या आणि सगळ्यांच्या देखत जेवल्या. डोळ्यांतनं पाणी गळत होतं. आत्तींनी विचारलं तर म्हणाल्या, "रस्सा तिखट झालाय."

त्याच वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात नळावर पाणी भरताना चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, असंच चाललं तर बाळंतपणात अवघड आहे. घाबरून गेले मी. दुसऱ्या दिवशी अक्का कामावरनं आल्या ते पिशवीत एक नवं कोरं ताट घेऊन. पाठीमागं नाव, मंगल. त्या दिवसापासनं फळीवर दोन ताटं. गोळ्या चालूच होत्या, त्या अक्का जेवणानंतर स्वतःच्या हातानं द्यायच्या. मला राहवलं नाही. विचारलं, "अक्का, तुम्ही हे कुठनं शिकला? नोकरीत?" म्हणाल्या, "माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या टायमाला गेली. मी आठ वर्सांची होते. लोकं म्हनत्यात, बाळंतपणात गेली. बाळंतपणात न्हाय गं, पंगतीत सगळ्यांच्या मागनं बसून बसून गेली." पंगतीत मान खाली घालून बसलेला तो धाकटा भाऊ मला आठवला. तेव्हाच माफी मागायला पाहिजे होती. तोंड उघडलं नाही. तीस वर्षांत नाही उघडलं.

मुलगी सुखरूप झाली. जिवाची भीती गेली तशी त्या ताटाची लाज वाटायला लागली आणि मी ते माळ्यावर टाकलं. अक्का अधूनमधून विचारायच्या, "ताट कुठाय गं?" मी म्हणायचे, "हाय की." हाय की! माळ्यावर, जुन्या समयांच्या खाली होतं.

गेल्या वर्षी अक्कांना घास गिळताना त्रास व्हायला लागला. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. जिनं जन्मभर चार तालुक्यांना जेवायला शिकवलं, तिला शेवटी नळीतनं पातळ पेज. देवाला काही म्हणजे काही कळत नाही, हे मी लिहून देते. शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यातच होते. अक्का गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काल काय खाल्लंस?" मी ठोकून दिलं, भाकरी, पालक, आमटी, ताक. खाल्लं होतं ते चहा आणि त्यात बुडवून दोन कडक बटर. मग मला भरूनच आलं. म्हणाले, "अक्का, त्या रविवारी मी झाकण उचललं... चुकले हो मी..." अक्कांनी हात उचलला. सलाईनची सुई टोचलेला, काडीसारखा हात. माझ्या गालापर्यंत आणला. मला वाटलं, डोळे पुसतायत. त्यांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली.

"पांढरं हाय," म्हणाल्या. "खोटारडे. घरला जा. ताट काढ. जेव."

मी घरी आले. माळ्यावर चढले, ताट काढलं, चिंचेनं घासलं. भाकरी थापली, मुगाची उसळ केली, लिंबू कापलं. ताट वाढलं आणि बसले. दोन-चार घास झाले असतील, तेवढ्यात फोन वाजला. आता सांगा, त्या ताटावरनं मी कशी उठणार होते?

पुतण्यानं विचारलं, काकू, आईची आठवण म्हणून काय देऊ? साड्या नणंदेनं घेतल्या. मी अक्कांचं ताट मागितलं. आता रोज दुपारी आधी माझं ताट वाढते आणि त्यावर अक्कांचं पालथं घालते. पालथं घातलं की नाव वर येतं. सगळ्यांना वाढून झालं की मी फळीपाशी जाते, शोभा उचलून बाजूला ठेवते आणि जेवायला बसते.