लंडन, यावलइतकंच दूर

शेंगा भाजल्याचा वास आला की मला अजून धाकट्या भावाचा राग येतो. एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास तो विमानाने लंडनला शिकायला निघाला, तेव्हा साक्रीच्या अंगणात शेंगा भाजत बसलेली आई त्याला सोडेना. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी यावलला दिलेली.

“अक्काले यावलथून येवाले दिवस लागस ना? इमानलेबी दिवसच लागस. तू फक्त तार कर.”

आई हसली. तिने त्याचे खिसे गरम शेंगांनी भरले.

पुढे आईने अंथरूण धरलं, तेव्हा दोघांनाही तार गेली. मी एसट्या बदलत संध्याकाळी पोचले. त्याची उलट तार आली, येणं जमत नाही.

आई विचारत होती, “इमान उतरनं का?”

“उतरनं,” मी म्हटलं.

“मंग शेंगा भाज. त्याले भूक लागनी व्हई.”